फुलीच्या बाहेर

"वायर ही माणसाच्या गुलामीची शेवटची खूण आहे, आणि ती आज या घरातून कायमची गळून पडली," असे भावोजींनी जाहीर केले, तेव्हा त्यांचा डावा पाय इस्त्रीच्या वायरीत अडकलेला होता. वाक्य संपवून ते इतिहासाला शोभेल अशा ऐटीत वळले. इस्त्री टेबलावरून खाली आली आणि ताईने नुकत्याच धुतलेल्या पडद्यावर तिचा त्रिकोणी शिक्का उमटला.

"आधी ती उचला," ताई म्हणाली. "गुलामीचं नंतर बघू."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते व्हायोलिन वाजवतात, ताई पियानो वाजवते, आणि लग्न झाल्यापासून दोघे मिळून कार्यक्रम करतात. मला काहीच वाजवता येत नाही, म्हणून मला आवाजाच्या यंत्रामागे बसवतात. त्या यंत्राला मिक्सर म्हणतात. स्वयंपाकघरातल्या मिक्सरशी त्याचा संबंध नाही, पण नीट न बघता बटण दाबले तर सगळ्यांच्या अंगावर उडते, हे दोन्हींत सारखेच.

त्या सकाळी भाची एक डबी घेऊन आली होती. डबीत एक चिमटा होता. चिमट्याला वळवू तशी वळणारी बारीक नळी, नळीच्या टोकाला काळ्या वाटाण्याएवढा माइक, आणि त्याच्या सोबतीला काडेपेटीएवढी एक पेटी, कमरेला अडकवायची. चिमटा व्हायोलिनच्या कडेला लावायचा. कमरेची पेटी आवाज हवेतून फेकते आणि माझ्या मिक्सरजवळ ठेवलेली तिची जोडीदारीण तो झेलते. मधे काही नाही.

"बाबा, आता स्टँडच्या माइकसमोर खिळून उभं राहायला नको," भाची म्हणाली आणि तिच्या कामाला निघून गेली. पोरगी गुणी आहे. पण आपण बोललेल्या वाक्याचे पुढे काय होणार याचा ती विचार करत नाही. हे तिने वडिलांकडून उचलले आहे.

कारण भावोजींच्या पायाला भिंगरी आहे. दात घासताना ते घरभर फिरतात. टूथपेस्टचा एक वाळलेला ठिपका मी कपड्यांच्या कपाटावर पाहिला आहे आणि तो तिथे कसा गेला यावर ताईचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. फोन आला की ते बोलत बोलत जिना उतरतात, त्यामुळे संभाषण संपताना ते कोणत्या रस्त्यावर असतील हे पलीकडच्या माणसाच्या हातात असते. ताईला बघायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "बसा ना." भावोजी म्हणाले, "हो, बसतो की," आणि खिडकीपाशी गेले. तिथून कपाटापाशी. तिथून दारापाशी. बाबांना वाटले मुलगा चालला. पण परत वळताना त्यांची नजर भिंतीवरच्या व्हायोलिनवर पडली आणि ते थांबले. बाबांचे ते व्हायोलिन आज भावोजींकडे आहे. बाबांनी मुलाला घड्याळ दिले आणि जावयाला व्हायोलिन. दोन्ही आजतागायत पुढेच पळतात.

अशा माणसाबरोबर पियानो वाजवायचा म्हणजे धावत्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधण्यासारखे आहे. ताईने त्यावर एक उपाय काढला होता. कोणतेही सभागृह असो, लोक यायच्या आधी ती स्वतः वाकून मंचावर पांढऱ्या चिकटपट्टीची एक फुली चिकटवायची. फुलीसमोर स्टँडचा माइक. भावोजींनी फुलीवर उभे राहायचे आणि तिथून हलायचे नाही, कारण हलले की माइक त्यांना ऐकेनासा व्हायचा. भावोजी फुलीला 'कोठडी' म्हणत.

पण ताईचा हट्ट निव्वळ शिस्तीचा नव्हता. ती मात्रा मोजत नाही. फुलीवरच्या भावोजींचे उजवे कोपर तिला पियानोच्या कडेवरून बरोबर दिसते. नवी ओळ सुरू करण्यापूर्वी ते कोपर किंचित उचलले जाते, आणि त्या उचलण्यात तिला सगळे कळते: किती जोरात, किती सावकाश, आणि आज स्वारी घाईत आहे का. "त्यांचं तोंड नाही दिसलं तरी चालेल," ती एकदा मला म्हणाली होती. "ते घरी बघतेच. कोपर दिसलं पाहिजे."

म्हणून त्या सकाळी इस्त्री उचलून झाल्यावर ताई वाटाणे सोलत शांतपणे म्हणाली, "हे बघा, माइक हवा तो लावा. पण फुली राहणार. परवाच्या कार्यक्रमात फुलीवरून हललात, तर तो आपला शेवटचा कार्यक्रम. पियानोचं झाकण लावीन आणि वर कुंडी ठेवीन."

भावोजी चालता चालता थांबले. "कुठली कुंडी?"

"निवडुंगाची."

मी हातातला कप खाली ठेवला. ताई आवाज चढवते तेव्हा घाबरायचे कारण नसते. तिचा आवाज रोज चढतो आणि रोज उतरतो. पण ती वस्तूचे नाव घेऊन बोलली की ठरलेले असते. "यापुढे मी बसमध्ये बसणार नाही" असे ती एकदा म्हणाली, त्यात बस हे नाव होते. ती पुन्हा बसली नाही.

"अगं, मी कशाला हलतोय?" भावोजी म्हणाले आणि हे सांगायला गॅलरीत गेले.

माझी घालमेल वेगळीच. दोघांचे वाजवणे बंद झाले तर भावोजी संध्याकाळी कुठे फिरणार? माझ्याकडे. माझ्या बैठकीच्या खोलीत एकच सतरंजी आहे आणि ती मला आवडते.

पुढची पायरी चिमटा लावण्याची. भाचीने जाताना दाखवले होते: व्हायोलिनच्या पलीकडच्या कडेला चिमटा, आणि नळी वळवून माइक तारांच्या वर. पण ताईने जागा बघितली आणि हात आडवा घातला.

"तिथे नको. बाबांचं पॉलिश आहे."

"अगं, रबर आहे आतून. ओरखडा नाही जायचा."

"तुम्ही दरवाजाला पण असंच म्हणाला होतात."

"दरवाजाचा काय संबंध?"

"अहो, नको म्हटलं ना."

व्हायोलिनवर पॉलिश नसलेली एकच जागा होती, हनुवटी टेकवतात तिथे. बाबांच्या आणि मग भावोजींच्या हनुवटीने मिळून तिथले लाकूड कधीच उघडे पाडले होते. चिमटा तिथल्या कडेला, हनुवटीच्या शेजारी बसला. नळी वळवली, माइक तारांकडे बघू लागला, ताई समाधानाने वाटाण्यांकडे वळली. तो माइक आता भावोजींच्या नाकाच्या थेट खाली आला आहे हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आले नाही. लक्षात आले ते माझ्या, कानांवर हेडफोन चढवल्यावर.

सूर आधी नाही आला. आधी आला वारा. दार किलकिले राहिले की फटीतून येतो तसा एक 'सुंऽऽ', त्याच्या शेपटीला बारीक शिट्टी, आणि मग व्हायोलिन. प्रत्येक ओळीच्या आधी हेच. भावोजी वाजवण्याआधी नाकाने श्वास ओढतात. आजवर समोर हातभर लांब उभ्या असलेल्या स्टँडच्या माइकला ते कळत नव्हते. या पोराला सगळे कळत होते.

"भावोजी, नाक ऐकू येतंय."

"नाक? मेहुणे, तो प्राण आहे. संगीताचा प्राण."

"प्राणाला सर्दी झालीय."

मी मिक्सरवरची एक कळ फिरवली. व्हायोलिनच्या आवाजातला वरचा, धारदार भाग ती कमी करते. नाक गेले. व्हायोलिनचा थोडा तजेलाही गेला, उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखे ते फिकट झाले, पण कार्यक्रमाला लोक व्हायोलिन ऐकायला येतात, भावोजींच्या श्वसनमार्गाची तपासणी करायला नाही. आणखी एक गोष्ट राहिली. ताईच्या पायाशी मी एक लहान स्पीकर ठेवला, म्हणजे तिला व्हायोलिन नीट ऐकू यावे. तिने तो पायाने बाजूला सरकवला.

"मला नको. मला ते दिसतात."

"असू दे ताई. मी आवाज बंद ठेवतो."

"ठेव. आणि तू पण शांत बस रे. सारखा कसला हलतोयस? त्यांची लागण झाली का तुला?"

झालीच होती. कार्यक्रमापर्यंत मीच घरात फेऱ्या घालत होतो. सतरंजीवर.

सभागृह एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे, लांबच लांब, आगगाडीच्या डब्यासारखे. पुढे मंच, मंचावर पियानो अशा बेताने ठेवलेला की ताईला पांढरी फुली समोर दिसावी आणि प्रेक्षक तिच्या पाठीशी राहावेत. मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर, आणि ताईच्या पायाशी तो लहान, बंद ठेवलेला. माझे टेबल एका बाजूच्या भिंतीला, मधोमध. पहिल्या रांगेत वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे गृहस्थ. ते डोळे मिटून ऐकतात. ऐकत असतात की झोपलेले असतात, हे त्यांच्या लेखावरूनही सांगता येत नाही.

ताईने वाकून फुली चिकटवली. अंगठ्याने चारही टोके दाबली. मग भावोजींकडे बघून नुसती भुवई उचलली. भावोजी फुलीवर उभे राहिले, आणि मी बघितले की त्यांच्या बुटांच्या आत त्यांची बोटे चालत होती.

पहिली रचना छान झाली. भावोजी जागचे हलले नाहीत. फक्त एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, बाथरूमबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखे. टाळ्या पडल्या. ताईच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला लांबून दिसला. मी पण पाठ टेकली. इथेच चुकते. माणसाने भावोजी वाजवत असताना पाठ टेकू नये.

दुसरी रचना संथ होती. तीत व्हायोलिन एक ओळ म्हणते, पियानो उत्तर देतो, पुन्हा व्हायोलिन. दुपारच्या वेळी दोन म्हातारे बाकावर बसून बोलतात तसे. तिसऱ्या ओळीला पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई भावोजींकडे बघून हसल्या. भावोजींनी फुलीवरून एक पाऊल पुढे टाकले. एकच. आजीबाई आणखी हसल्या. व्हायोलिन तसेच ऐकू येत होते, जरासुद्धा कमी झाले नव्हते. भावोजींनी स्वतःच्या पायांकडे बघितले, मग व्हायोलिनकडे, मग समोरच्या लांबलचक मोकळ्या वाटेकडे. जन्मभर कोठडीत काढलेल्या माणसाने दाराला सहज हात लावावा आणि दार उघडेच निघावे, तसा त्यांचा चेहरा झाला.

ते मंचाच्या पायऱ्या उतरले.

मी टेबलामागून हात हलवले. ओठांनी 'मागे, मागे' म्हटले. त्यांनी मला मान डोलावून अभिवादन केले. वाजवत वाजवत ते खुर्च्यांच्या रांगांमधून चालू लागले. लोक खूश! माना वळत होत्या, एका काकांनी चष्मा बदलला, कुणी फोन वर धरला. भावोजी एकेका रांगेपाशी थांबून थोडे थोडे वाजवत होते, लग्नात वाढप्याने पंक्तीतून फिरावे तसे.

आणि मंचावर ताई. तिने मान उचलून फुलीकडे पाहिले. फुली होती. कोपर नव्हते.

ती मागे वळू शकत नाही. वळली तर हात चुकतात. तिने वाजवणे थांबवले नाही, पण तिची पाठ ताठ झाली. ती पाठ मी लहानपणापासून ओळखतो. त्या पाठीने मला एकदा संपूर्ण उन्हाळ्याची सुट्टी बोलू दिले नव्हते.

भावोजी मागे मागे जात थेट शेवटच्या रांगेपलीकडे, दारापाशी पोचले. आणि तिथे सगळे बिघडायला लागले.

वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. सभागृहालाही तोच नियम लागू आहे हे आम्हा तिघांना ठाऊक नव्हते, कारण कुणी फुलीच्या बाहेर जाऊन बघितलेच नव्हते. ताईचा पियानो एवढे लांबलचक सभागृह ओलांडून भावोजींपर्यंत पोचायला जरा वेळ घेत होता. अगदी जरासा, पण संगीतात जरासाच पुरतो. भावोजींना वाटले, ती रागावून मागे रेंगाळतेय. म्हणून ते तिच्यासाठी थांबले. त्यांचे थांबणे मात्र कमरेच्या पेटीतून, रेडिओसारखे, तत्काळ माझ्या मिक्सरमध्ये आणि तिथून मोठ्या स्पीकरमधून ताईपर्यंत गेले. ताईला वाटले, हे रेंगाळतायत. म्हणून ती त्यांच्यासाठी थांबली. तिचे थांबणे उशिरा त्यांच्यापर्यंत गेले. मग ते आणखी थांबले.

सबंध संसारात एकमेकांसाठी कधी जिन्यातसुद्धा न थांबलेली ही दोन माणसे आता भर सभेत एकमेकांना 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तू' करत होती. रचना संथ होती ती अतिसंथ झाली. मग ती चालायची थांबून रांगायला लागली. दोन सुरांच्या मधे माणसाला घरी जाऊन गॅस बंद केलाय का ते बघून येता आले असते. पहिल्या रांगेतल्या समीक्षकांनी डोळे उघडले, 'अहाहा' म्हणाले आणि पुन्हा मिटले. एका बाईंनी शेजारणीच्या कानात विचारले, "संपलं का?" शेजारीण म्हणाली, "नाही वाटतं, अजून हात वर आहे."

भावोजी दारापाशी या पायावरून त्या पायावर करत होते. त्यांचा चेहरा आता सुटलेल्या कैद्याचा नव्हता, जत्रेत हात सुटलेल्या पोराचा होता. त्यांना मंचावर ताईची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ त्यांनाही माझ्याइतकीच वाचता येते. पुढचा सूर कधी टाकायचा हे त्यांना कळत नव्हते. तिला त्यांचे कोपर दिसत नव्हते. आणखी दोन ओळींत रचना जागच्या जागी मरणार, मग झाकण, मग निवडुंग.

तेवढ्यात ताईने डावा हात पियानोवरून उचलला, बाजूच्या लहान स्पीकरकडे बोट केले आणि मग कानाकडे.

मी ताबडतोब तिचा स्पीकर सुरू केला. तिने पुन्हा कानाकडे हात नेऊन तो झटकला: स्पष्ट नाही. बरोबर होते, मीच तर फिकट करून ठेवले होते. मी कळ उलटी फिरवली, पार टोकापर्यंत.

आणि ताईच्या पायाशी भावोजींचे नाक उघडले.

'सुंऽऽ.' शिट्टी. मग व्हायोलिन.

मोठ्या स्पीकरमधूनही ते साऱ्या सभागृहाला ऐकू गेले. शेजारणीने चमकून खिडकीकडे बघितले. मी कळ पुन्हा बंद करायला बोट नेले, आणि ताईची पाठ बघून बोट तसेच ठेवले. ती पाठ बदलली होती. मान एका बाजूला कलली होती, दाराबाहेर ओळखीची चप्पल वाजली की घरातल्या माणसाची कलते तशी.

पुढचा 'सुंऽऽ' आला. लांबलेला, घाबरलेला, मधेच अडखळलेला. व्हायोलिनचा सूर यायच्या आत ताईचे हात पियानोवर पडले. आधीच. पुढच्या रांगेतल्यांना वाटले असेल की ती चुकली. पण मी भावोजींकडे बघत होतो. ताईने श्वासावर टाकलेला सूर सभागृह ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचला, तेव्हा त्यांचा गज नेमका तारेवर टेकत होता. दोन्ही एकत्र. दारापाशी, अगदी शेवटच्या रांगेत, एका डुलक्या घेणाऱ्या गृहस्थांच्या डोक्यावर, ती दोघे भेटली.

भावोजी दचकले. त्यांनी पुढची ओळ घेतली. नाक, आणि लगेच ताई, आणि मग दोघे. ती आता थांबत नव्हती. कोपर उचलण्याच्याही आधी काय होते ते तिला आज प्रथमच ऐकू येत होते, आणि ती तेवढ्यावर वाजवत होती. श्वास आखूड आला तर स्वारी घाई करणार. ती जड हाताने त्यांना रोखायची. लांब आला तर स्वारी डगमगतेय. ती हात जरा आधी टाकून त्यांना पुढे ओढायची. रचना रांगायची थांबली, उठली, चालायला लागली.

आणि भावोजीही. पण आता ते फिरत नव्हते, ते येत होते. इतकी वर्षे मी त्यांना चालताना बघतो आहे. कुठेतरी पोचायचे म्हणून चालताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. ते जसजसे जवळ येत होते तसतसा पियानो त्यांना लवकर ऐकू येत होता, आणि ताई तसतशी आपले हात श्वासापासून सुराकडे सरकवत होती. तिला ते दिसत नव्हते. पण चालून त्यांना धाप लागली होती आणि धाप जवळ येतेय हे तिला कळत असावे. आजीबाईंनी पाय आत घेतले. भावोजी पायऱ्या चढले. शेवटची ओळ सुरू झाली तेव्हा ते दोन्ही पायांनी फुलीवर उभे होते.

ताईने मान उचलली. कोपर होते. तरी तिने कोपराकडे पाहिलेच नाही. डोळे मिटून तिने शेवटचा 'सुंऽऽ' ऐकला आणि हात ठेवले.

टाळ्या खूप पडल्या. समीक्षक उठून मंचाकडे आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की मधल्या भागातला काळाचा विस्तार विलक्षण होता, पण त्याहून विलक्षण म्हणजे तो वारा. निसर्गाचा असा उपयोग त्यांनी आजवर ऐकला नव्हता. मी म्हटले, निसर्गाचाच होता. ते म्हणाले, वाटलंच मला.

मंचामागच्या खोलीत गेलो तर भावोजी खुर्चीवर बसले होते. मी पुन्हा लिहितो: बसले होते. व्हायोलिन मांडीवर, चिमटा काढून हातात. समोर ताई चष्मा पुसत होती. ती चष्मा पुसते तेव्हा कुणी बोलत नाही, काचा झिजेपर्यंत वाट बघतात. मी दाराशी उभा राहिलो. माझे पाय आपोआप चालायला लागले तेव्हा मी खुंटीला धरून राहिलो.

"चुकलं माझं," भावोजी शेवटी म्हणाले. "म्हणजे हललो, ते चुकलंच. तिकडे गेलो आणि वाटलं, आता सापडत नाहीस. समोर दिसतेयस आणि सापडत नाहीस. असं कधी झालं नव्हतं."

ताई चष्मा पुसत होती.

"हा माइक मी परत देतो भाचीला… तिला… आपल्या पोरीला." त्यांचे नात्यांचे सुद्धा भान सुटले होते. "स्टँड परत काढतो. फुली मीच चिकटवीन. खिळे मारून घेतो म्हणालीस तर बुटांना खिळे मारून घेतो. पण कुंडी नको. अगं, कुणाहीबरोबर वाजवेन असा मी नाही. मला तर तुझ्याशिवाय कधी थांबायचं तेसुद्धा कळत नाही."

भावोजींचा गुडघा उडत होता, त्यावरचे बाबांचे व्हायोलिन उडत होते, आणि मीही खुंटीसकट थोडा उडत असेन. एवढे सरळ वाक्य भावोजींनी ताईला आजवर कधी म्हटले असेल असे मला वाटत नाही. निदान एका जागी बसून तरी नाही.

ताईने चष्मा घातला. पुढे वाकून चिमटा त्यांच्या हातातून घेतला, तो वाटाण्याएवढा माइक उजेडात धरून बराच वेळ पाहिला, फडक्याने पुसला आणि डबीत अलगद ठेवून डबी आपल्या पर्समध्ये टाकली. माझा जीव खाली आला की वर गेला ते मला सांगता येत नव्हते.

"अहो," ती म्हणाली.

भावोजींचा गुडघा थांबला.

"उद्या सकाळी वाजवायला बसण्याआधी जरा वाफ घ्या. डावी नाकपुडी सुरापेक्षा जरा चढी लागते."